अठरानंतरची एसटी

अठरा वर्षं पूर्ण झाली की विशेष शाळेच्या हजेरीपटावरून नाव निघतं. छोटासा निरोपसमारंभ होतो, गुलाबाचं फूल आणि स्टीलचा डबा हातात पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा घरी. ठाणे-डोंबिवलीत निदान चौकशी करायला चार दारं तरी असतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मुळात शाळेपर्यंत पोचणारेच थोडे. त्यामुळे तिथे 'घरी बसला' असंही कुणी म्हणत नाही. तो घरीच होता.

शहापूर म्हणजे भातसा आणि तानसा. मुंबईच्या नळाला पाणी देणारा आणि उन्हाळ्यात स्वतःच्या पाड्यांना टँकर मागवणारा तालुका. रेल्वे आहे, पण ती आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी एका रेषेत निघून जाते; डोळखांबच्या माणसाने आधी त्या रेषेपर्यंत यायचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणहून एसटी, नाहीतर काळीपिवळी. दिव्यांगांच्या रोजगाराचा लेख वाहतुकीपासून का सुरू करतोय, असं वाटेल. पण या भागात कुठल्याही आईशी बोला, तिसऱ्या वाक्याला गाडी येतेच.

शब्द मात्र पुष्कळ बदलले. कागदावरचं 'अपंग' गेलं, 'दिव्यांग' आलं. 'मतिमंद'च्या जागी 'बौद्धिक अक्षम' आलं. पाड्यावर 'जरा भोळा आहे' एवढंच म्हणतात, आणि मला तो शब्द सरकारी शब्दांपेक्षा बरा वाटतो. एक खोट आहे त्यात: भोळ्याला मजुरी द्यावी लागत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी 1917 मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढे खडकीत स्थिरावली. बाबा आमट्यांचं आनंदवन 1949 चं. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे शेती उभी केली, उद्योग उभे केले. 1984 मध्ये नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली आणि पुढे सिंधुदुर्गात मोरे गावी काजूप्रक्रियेचा उद्योग काढला. काजू तिथलाच, हात तिथलेच. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते, कारण आपल्या बहुतेक कार्यशाळा अजून मेणबत्त्या आणि पाकिटांतच अडकल्या आहेत.

पण ही परंपरा मुख्यतः शरीराने अडलेल्यांची. बुद्धीने मागे पडलेल्या प्रौढांचं काय, हा प्रश्न बहुधा पालकांनीच धसाला लावला. पुण्यात सिंधुताई जोशी यांची कामायनी 1964 पासून आहे. ठाणे जिल्ह्यात बदलापूरजवळ मुळगावची 'आधार' पालकांच्या संघटनेतून उभी राहिली. माधवराव गोरे हे तिच्यामागचं नाव. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. आपल्यामागे मुलाने राहायचं कुठे, या काळजीतून निघालेल्या या जागा. निवारा आधी आला, काम त्याच्या मागून. मुळगावाहून मुरबाड काही लांब नाही, पण निवासी संस्थेत मूल ठेवणं पाड्यावरच्या घराला सुचतही नाही आणि परवडतही नाही. त्यांना हवं असतं ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं काम.

आता कामच जवळून पाहू. मुरबाडजवळच्या एका रोपवाटिकेत टोकावड्याच्या बाजूचा एक तिशीतला गडी पिशव्या भरतो. काळी प्लास्टिकची पिशवी, त्यात माती, शेणखत, वाळू. तुम्हाआम्हाला हे एक काम वाटतं. ती नऊ कामं आहेत. गठ्ठ्यातून एकच पिशवी सुटी करायची, तोंड चोळून उघडायचं, कड दोनदा बाहेर दुमडायची, आणि असं पुढे. त्याचं अडायचं ते पहिल्याच पायरीवर: दोन-तीन पिशव्या एकदम यायच्या. शिकवणाऱ्या बाईंनी ओल्या स्पंजचा तुकडा दिला, बोट ओलं झालं, पिशवी सुटली. माती किती, हे सांगून कळेना. पाण्याची बाटली अर्धी कापून तिला लाल रेघ मारली. मोजणी येत नाही म्हणून दहा खणांचा लाकडी ट्रे केला. खण भरले की ट्रे उचलायचा. एवढं बसायला चार महिने लागले. मी गेलो त्या दिवशी तो दर भरलेली पिशवी जमिनीवर दोनदा आपटत होता, माती दबावी म्हणून. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

व्यवसाय प्रशिक्षण म्हणतात ते हेच. स्पंज, बाटली आणि रेघ. शिलाई मशीन वाटून फोटो काढण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, पण चार महिने माणूस शेजारी बसायला लागतो, आणि त्या माणसाच्या पगाराचं कलम योजनेत सापडत नाही.

दिवाळीच्या पणत्यांबद्दलही बोलायला हवं, कारण हा अंक हातात असलेल्या पुष्कळांच्या घरी विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्या आल्या असतील. घ्याव्यात. पण भाऊबीज झाली की त्या कार्यशाळेचा हात रिकामा होतो, ते थेट राख्यांपर्यंत. कौतुकावर चालणारा माल वर्षातून दोनदाच खपतो. रोपाची पिशवी कुणी भरली, हे आंब्याचं कलम नेणारा विचारत नाही. मला तोच बाजार खरा वाटतो.

जगात सध्या वारा उलटा आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने अपंगांसाठी 'रेम्प्लॉय' नावाचे कारखाने काढले. पहिला 1946 मध्ये, आणि 2013 मध्ये शेवटचे बंद झाले. अपंगांच्या हक्कांच्या ज्या संयुक्त राष्ट्र कराराला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली, त्याच्या समितीने 2022 मध्ये सांगितलं की वेगळं कोंडून ठेवणाऱ्या कार्यशाळा हळूहळू संपवा, सगळ्यांबरोबर काम द्या. तत्त्व पटतं. पण बंद करायला आधी काही उघडलेलं असावं लागतं.

आणि गंमत अशी की 'सगळ्यांबरोबर काम' मुरबाडात पूर्वापार चालूच आहे. आवणीच्या दिवसांत बघा. राबातली रोपं खणून त्यांच्या मुठी बांधतात, त्या मुठी चिखलातून लावणाऱ्या बायांपर्यंत पोचवणारा 'भोळा' जवळजवळ दर गावात असतो. गुरं तो राखतो, वाळत घातलेल्या भातावरची पाखरं तो हाकलतो. वेगळी भिंत नाही, संस्था नाही. हिशेबाच्या वेळी मात्र इतरांना मजुरी आणि त्याला जेवण, विडी, फार तर खर्चीला वीस रुपये. संरक्षण पुरेपूर, रोजगार शून्य.

कायदा इथे दुबळा नाही. रोजगार हमीच्या कामावर दिव्यांगाला जॉबकार्ड मिळतं, पाणी पाजणं किंवा पोरं सांभाळणं अशी झेपणारी कामं देता येतात, आणि मजुरी इतरांइतकीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के वाटा राखला आहे. खासगी कारखान्यांत मनुष्यबळाच्या निदान 5 टक्के दिव्यांग असावेत म्हणून मालकांना सवलती देण्याचंही त्यात आहे, आणि मुरबाडला एमआयडीसी आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मी पाहिलेल्या दोन गावांत ते मार्चच्या तोंडावर वाटून मोकळे झाले होते. त्याच पैशांतून स्पंजवाल्या बाईंचं मानधन काढता आलं असतं का, असं मी एका ग्रामसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "कुठल्या शीर्षाखाली टाकू?" प्रश्न प्रामाणिक होता.

त्या पिशव्या भरणाऱ्या गड्याचं पुढचं सांगतो. एसटीत त्याला भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण सवलतीने उतरायचं कुठे ते कळत नाही. सकाळच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. रोपवाटिकेचा फाटा आला की तो दोनदा घंटी मारायचा आणि नुसतं "चल रे" म्हणायचा. गेल्या पावसाळ्यात त्याची ड्यूटी दुसऱ्या मार्गावर गेली. पहिल्याच दिवशी गडी कल्याणच्या स्टँडवर पोचला, रात्री कुणीतरी आणून सोडला, आणि मग पंधरा दिवस घरातून हललाच नाही. शेवटी आईने स्वतःची मजुरी बुडवून आठवडाभर त्याच्याबरोबर प्रवास केला. त्याला रस्ता दाखवायला नव्हे, तो त्याला पाठ होत नाहीच. नव्या कंडक्टरला मुलगा दाखवायला.

आता तोही घंटी मारतो. एकदाच मारतो, त्यामुळे पहिले काही दिवस गडी दुसरीची वाट बघत बसून राहायचा.