कोयनेची नोंद पुण्याच्या टॉवरला चालेल का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. धरणातच बसवलेल्या अ‍ॅक्सेलरोग्राफने तो टिपला: धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाचे गणित मात्र ०.०५ पट एवढेच बळ धरून केलेले होते. धरण टिकले, पण मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या उंचीवर तडे गेले. धक्का आणि त्याचा परिणाम, दोन्ही ठाऊक असल्यामुळे काँक्रीट धरणांचे गणित तपासायला ही नोंद आजही जगभर वापरतात. कोयना पुण्यापासून सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तेव्हा पुण्यातला उंच टॉवर संगणकावर हलवून पाहायचा, तर घरचीच आणि एवढी जोरकस नोंद का घेऊ नये? माझ्या मते, एकटी ती घेणे चूक ठरेल.

धक्क्याचा जोर म्हणजे इमारतीला होणारी इजा नव्हे. प्रत्येक इमारतीला एकदा डोलून मूळ जागी यायला ठरावीक वेळ लागतो, आणि झोक्याला त्याच्या लयीत रेटा मिळाला की तो चढतो, तसेच इमारतीचे होते. कोयना धरणाचा हा आवर्तकाल सेकंदाचा सुमारे तिसरा भाग. आपल्या भारतीय मानकातल्या सूत्राने ९० मीटर उंच काँक्रीट चौकटीचा तो दोन सेकंदांहून जास्त येतो. केंद्राजवळच्या कोयना नोंदीत जलद हिसके वरचढ आहेत. याउलट १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीत तळ्याच्या जुन्या गाळावर मोजलेले त्वरण ०.१७ पटीच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या जवळपास चौथाई. केंद्रही साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. पण मऊ गाळाने दोन सेकंदांची संथ लय वाढवली आणि अनेक मजली इमारती कोसळल्या. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती पडल्याच. म्हणून पुण्यासाठी जवळचा मध्यम आणि दूरचा मोठा, असे दोन्ही भूकंप विचारात हवेत. इमारत बेसॉल्टवर उभी आहे की मुळा-मुठेकाठच्या गाळावर, हेही पाहायला हवे.

कोणी म्हणेल, कोणतीही नोंद आकड्याने गुणून हवी तेवढी मोठी करता येते. येते, पण गुणाकाराने हेलकाव्यांची उंची वाढते, धक्क्याचा कालावधी आणि लय बदलत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्याकडे नोंदीच थोड्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली, तरी केंद्राजवळची जोरदार हादऱ्याची नोंद हाती नाही. म्हणूनच परदेशी नोंदी लागतात. मात्र क्षमता, अंतर आणि जमीन जुळवून, कॅलिफोर्नियातली १९४० ची एल सेंट्रो नोंद पुस्तकात सापडते म्हणून नव्हे. एका नोंदीवर विसंबायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. अमेरिकेच्या एएससीई ७-१६ या मानकात अशा विश्लेषणाला किमान ११ नोंदी सांगितल्या आहेत, कारण सारख्याच क्षमतेचे दोन भूकंपही इमारतीला वेगवेगळे हलवतात.

उरतो सोयीच्या, सौम्य नोंदी वेचण्याचा धोका. तो खरा आहे, आणि नुसत्या विश्वासाने टळत नाही. निवडलेली प्रत्येक नोंद, ती घेण्याचे कारण आणि तिला लावलेला गुणक अहवालात लिहावा, आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने तो तपासावा. संगणकाचे उत्तर या निवडीइतकेच भरवशाचे असते. त्या इमारतीत राहायला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एवढी काटेकोर तपासणी झालीच पाहिजे.