अंड्याच्या टरफलावर नक्षी : हत्यार कोणते घ्यावे?

व्हिडिओ पाहून आता मुरगूडमधल्या मुलीही विचारतात, ‘सर, टरफलावर जाळी कोरायची मशीन घेऊ का?’ यंत्राला चांगले पैसे पडतात. म्हणून पालकांनी आधी थोडी माहिती घ्यावी, असे आम्हाला वाटते.

हा हुनर फार जुना. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याचे कोरलेले टरफल मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे असून त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा आहेत. तेव्हा हत्यारे दगडाची होती. शहामृगाचे टरफल सुमारे २ मिलिमीटर जाड, ते दाब सोसते. कोंबडीच्या अंड्याचे मात्र जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर. तिथे जोर लावला की नक्षी गेली.

म्हणून पहिले हत्यार म्हणजे साधी जाड सुई. पांढरे अंडे कांद्याच्या सालींसोबत उकडा, ते तांबूस होते. गार झाल्यावर सुईच्या टोकाने हलके खरवडा, पांढरी नक्षी उमटते. लिथुआनियात ही रीत आजही आहे. हात स्थिर झाला आणि मुलीची गोडी टिकली, तरच यंत्राकडे वळा.

यंत्र घेताना ताकद पाहू नका, वेग पाहा. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारे हलके रोटरी टूल घरच्या कामाला पुरते. दुकानातच बारीक बिट लावून ते सुरू करून पाहा. टोक एकाऐवजी दोन दिसले, तर ते थरथरते आहे. असे यंत्र घेऊ नका, टरफल तडकेल. बिट दातेरी नको. हिऱ्याच्या कणांचा मुलामा असलेले घ्यावे, ते टरफलात अडकत नाही, घासत जाते. असे बिट कुठे मिळेल, हे गावातल्या सोनाराला किंवा हुपरीच्या चांदी कारागिरांना विचारा.

जाळी कोरण्यापूर्वी अंडे रिकामे करावे लागते. दोन्ही टोकांना छिद्र पाडून आतला बलक स्वच्छ वाटीत काढा. त्याची भुर्जी करा, अन्न वाया घालवू नका. छिद्राला तोंड लावून फुंकू नका, कच्च्या अंड्यातून जंतू पोटात जातात. सुई नसलेली नवी सिरिंज वापरा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळे आणि छाती. कोरताना उडणारी पूड अतिशय बारीक असते. एन-९५ मास्क आणि बंद चष्मा यांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरावेत. ओढणी आणि मोकळे केस फिरत्या टोकापासून दूर बांधावेत. खोलीत तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर तिथे हे काम नकोच.

मास्क आणि चष्म्यापुरते पैसे उरत नसतील, तर यंत्राची खरेदी पुढे ढकला. तोवर सुई आणि कांद्याच्या साली आहेतच.