नमुन्याचा अर्जही बियाण्यासारखा पारखून घ्या



पेरणीच्या तोंडावर आपण बियाण्याची पिशवी आणतो, तेव्हा आधी तिचे लेबल पाहतो. पायाभूत बियाण्याला पांढरे आणि प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते. त्यावरचा वाण, उगवणशक्ती आणि मुदत वाचूनच पिशवी फोडतो. एक खोटी पिशवी घरात आली तर अख्खा हंगाम वाया जातो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. पण मोबाईलवर आलेला अर्जाचा नमुना मात्र आपण डोळे मिटून उतरवून घेतो. तो कोणी तपासला, कधी तपासला, हे कोणी विचारीत नाही.

हल्ली कार्यालये, ग्रामपंचायती, शेतकरी कंपन्या आपापल्या संकेतस्थळावर अर्जांचे तयार नमुने ठेवतात. वारस नोंद, माहितीचा अधिकार, पीक नुकसानीची सूचना, असे कितीतरी. सोय मोठी आहे. अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे वाचतात, मजकूर सुटसुटीत होतो. परंतु हाताने लिहिलेल्या एका अर्जातली चूक एकालाच भोवते, तर नमुन्यातली चूक जो जो तो नमुना नेईल त्या प्रत्येकाला भोवते. बियाण्याचा आणि नमुन्याचा धर्म एकच आहे. जे पेराल तेच शेकडो पटींनी उगवेल.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवावयाचे नमुने तपासण्याचे काम माझ्याकडे होते. वारस नोंदीचा नमुना एका जुन्या, खऱ्या अर्जावरून तयार केला होता. नाव, गाव, तारीख यांच्या जागा रिकाम्या केल्या होत्या. मी वरचा भाग पाहिला, विषय पाहिला, सहीची जागा पाहिली आणि ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबले. मधल्या परिच्छेदात मूळ अर्जदाराचा गट क्रमांक तसाच राहून गेला होता.

पुढे एक विधवा भगिनी कार्यालयात आल्या. त्यांचा अर्ज परत आला होता, कारण वर एक गट क्रमांक आणि आत दुसराच. हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४९ सांगते. मुदत संपत आली होती. सातबारावर नाव नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज अडले होते आणि पेरणी तोंडावर आलेली.

त्या म्हणाल्या, “साहेब, तुमच्याच कागदावरनं लिहिलं की. पोराकडनं दोनदा वाचून घेतलं. माझं काय चुकलं?”

मी म्हणालो, “ताई, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे.”

अर्ज त्याच दिवशी नव्याने लिहून दिला आणि मुदतीत पोचला. पण त्यांच्या दोन दिवसांच्या रोजाची आणि एस.टी.च्या भाड्याची भरपाई कोण करणार? आणखी कितीजणांनी तो नमुना नेला असेल, हा विचार त्या रात्री डोळ्याला डोळा लागू देईना.

नमुना चढविणाऱ्यांसाठी

गावातली शिकलेली मुले आता ही कामे करतात. त्यांना चार शब्द सांगतो.

संकेतस्थळ चालविण्याच्या वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत मजकुराच्या पायऱ्या असतात. आधी मसुदा, मग तपासणीसाठी प्रलंबित, आणि शेवटी प्रसिद्ध. लिहिणाऱ्याला लिहिण्यापुरताच आणि तपासणाऱ्याला प्रसिद्ध करण्याचा अधिकार, अशी वाटणीही करता येते. ही वाटणी अवश्य करावी. ज्याने लिहिले त्यालाच आपली चूक दिसत नाही. नंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. नमुना खऱ्या अर्जावरून खोडून करू नये. कोऱ्या पानावर नव्याने लिहावा. भरावयाच्या जागी ठळक रेघ आणि तिच्याखाली काय लिहावे ते असावे. कोणाचाही आधार क्रमांक वा खाते क्रमांक चुकूनही राहू नये.

२. जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेव अक्षरांत टंकलेला मजकूर तसाच चिकटवला तर दुसऱ्याच्या मोबाईलवर नुसती चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि तो साध्या मोबाईलवर उघडून पाहावा.

३. नवी फाईल चढवली म्हणजे जुनी आपोआप जाते, असे नाही. ती जुन्या पत्त्यावर तशीच राहते आणि लोक तीच एकमेकांना पाठवीत राहतात. जुनी फाईल शोधून काढून टाकावी.

४. प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या शेतकऱ्याला बोलावून नमुना त्याच्याकडून भरून घ्यावा. आपण शेजारी गप्प बसावे. तो जेथे अडखळेल तेथे दोष नमुन्याचा समजावा.

५. नमुन्याच्या तळाशी ‘तपासल्याची तारीख’ आणि तपासणाऱ्याचे पद लिहावे. हेच नमुन्याचे निळे लेबल होय.

तारीख कशासाठी?

कारण नियम बदलतात, नावेही बदलतात. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले; २०२३ साली जिल्ह्यांचीही नावे बदलली. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्याच वर्षी ग्रामसेवकाचे पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पीकविम्याचेच पाहा. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून १ रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन शेतकऱ्याने आपल्या हिश्शाचा हप्ता भरावयाचा झाला, आणि भरपाईच्या अटीही बदलल्या. तेव्हा २०२३ चा नमुना त्या वर्षी अगदी बरोबर असला, तरी आज तो मुदत संपलेल्या बियाण्यासारखा आहे. म्हणून चढविणाऱ्याने प्रत्येक हंगामाआधी सारे नमुने एकदा चाळून घ्यावेत.

आणि तुमच्यासाठी

बंधू-भगिनींनो, नमुना घेताना तुम्हीही पारख ठेवा. तळाशी तारीख नसेल तर तो वापरण्याआधी संबंधित कार्यालयात विचारा. भरून झाल्यावर सातबारा आणि आठ-अ शेजारी ठेवून नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र अक्षर-अक्षर ताडून पाहा. गट क्रमांक अर्जात जितक्या ठिकाणी आला असेल तितक्या ठिकाणी पाहा. माझी चूक मधल्याच ओळीत दडली होती.

नमुन्यात आहे म्हणून नको तो मजकूर ठेवू नका. माहिती अधिकाराच्या अर्जात तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. दोन-तीन नमुने जोडून लांबलचक केलेला अर्ज तेथेच अडकतो.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या आणि दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. ती पोच घरात सातबाराजवळ जपून ठेवा. मुदतीचा प्रश्न निघाला की तीच तुमच्या बाजूने बोलते.

आणि नमुन्यात चूक सापडली तर? गप्प बसू नका. ज्यांनी तो चढवला त्यांना कळवा. त्या भगिनी त्या दिवशी कार्यालयाची पायरी चढल्या, म्हणून तो नमुना खाली उतरला आणि दुरुस्त होऊन पुन्हा वर गेला. त्यांनी रागावून घर गाठले असते, तर तीच चूक आणखी किती घरांत उगवली असती!