कोंबड्यांच्या साथीतून साखरेच्या दारापर्यंत

आजाराने मेलेली कोंबडी वाळलेली, हाडकुळी असायला हवी. पण १९८० च्या दशकात कोंबड्यांमधल्या एका साथीचा शोध घेताना मुंबईचे पशुवैद्यक डॉ. शरद अजिंक्य यांना उलटेच दिसले. मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात भरपूर चरबी होती! ही हकिकत त्यांनी लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांच्या कानावर घातली. धुरंधरांनी 'एसएमएएम-१' नावाचा तो विषाणू निरोगी कोंबड्यांना टोचून पाहिला. त्याही लठ्ठ झाल्या, रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र घटले. पुढे मुंबईतील ५२ लठ्ठ व्यक्तींचे रक्त तपासले, तेव्हा दहाजणांत या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली.

धुरंधर नंतर अमेरिकेत गेले. कोंबड्यांचा विषाणू तिकडे नेण्याची परवानगी मिळेना, म्हणून त्यांनी त्याच कुळातला, माणसाला होणारा अ‍ॅडेनोव्हायरस ३६ निवडला. त्यानेही प्राणी लठ्ठ झाले. आणि लठ्ठपणा म्हटला की मधुमेह मागोमाग येणार असे आपण धरून चालतो. इथे मात्र उंदरांची साखर सुधारली.

असे का व्हावे? स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये साखर आत घेणारी दारे एरवी आतच ठेवलेली असतात. इन्शुलिन बाहेरून घंटा वाजवते, निरोप एकाकडून दुसऱ्याकडे आत पोहोचतो आणि दारे पृष्ठभागावर येतात. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात बहुधा घंटा वाजते, पण निरोप नीट पोहोचत नाही. या विषाणूचे 'ई४ओआरएफ१' हे प्रथिन पेशीच्या आतच तयार होते. ते घंटेच्या वाटेला जात नाही. निरोपाची साखळी पुढच्या टप्प्यावर पकडून दारे उघडवते.

सगळेच विषाणू असे वागत नाहीत. हेपेटायटिस सी या काविळीच्या विषाणूचे एक प्रथिन इन्शुलिनचा हाच निरोप अडवते. त्या रुग्णांत मधुमेह अधिक आढळतो.

मधुमेह्यांना विषाणू टोचावा, असे कोणीही म्हणत नाही. प्रयत्न आहे तो एकट्या प्रथिनाचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या चरबीत फक्त हे प्रथिन तयार करवले, तेव्हा कमी इन्शुलिनवरही त्यांची साखर आटोक्यात राहिली. मात्र त्यावर बेतलेले औषध दुकानात मिळत नाही. सावध राहण्याचे कारणही तसेच आहे. याच कुळातल्या अ‍ॅडेनोव्हायरस ९ चे याच नावाचे प्रथिन प्रयोगशाळेतल्या मादी उंदरांत स्तनाच्या गाठी निर्माण करते.