आधी पाण्याची रेघ

निसर्गावरून इमारत सुचली म्हटलं, की बहुतेकांच्या कागदावर डोंगराची कड नाहीतर पानाचा आकार उमटतो. बारामती-इंदापूरच्या सपाट मुलखात एवढ्यावर भागत नाही. इथलं सारं नाट्य पातळ्यांच्या चढउतारात आहे. इथे संग्रहालय रेखाटायचं तर दर्शनी भाग मागून यावा. आधी सेक्शन, म्हणजे जमीन उभी कापून दाखवणारं चित्र.

उजनीचा काठ घ्या. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. तुडुंब भरतं तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर, ४९१.०३ च्या खाली गेली की लोक म्हणतात, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ या दोन आडव्या रेघा कागदावर सर्वांत आधी ओढाव्यात. त्यांच्यातलं अंतर सहा मीटरही नाही, पण काठाचा उतार इतका मंद, की तेवढ्यातच पाणी गाळाचं मोठं रान उघडं टाकून मागे सरतं. भिगवणला रोहित पक्षी उतरतात ते अशा उथळ पाण्यासाठी. पाणी आणखी आटलं की पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर वर येतं. आधी शिखर, मग कोरीव खांब. धरणाने पोटात घेतलेलं दुष्काळ दाखवतो. अशा जागेशेजारची इमारत डोकं वर काढून उभी राहू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी हे करून दाखवलं. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्या भारत भवनात माणूस वरून शिरतो. गच्च्या टप्प्याटप्प्याने तलावाकडे उतरतात आणि दालनं त्यांच्याखाली, खोलगट अंगणांभोवती बसतात. समोरून चित्र काढलं तर हाती फारसं लागत नाही. सेक्शन काढला की इमारत उलगडते.

कसब आहे ते जमिनीची रेघ ओढण्यात. ती पट्टीने ओढू नये. काठावरून चालत, उतार पावलांनी जोखत, मऊ पेन्सिलीने ती हातानेच यावी. तिच्याखाली काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण असे थर दाखवावेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत, जमल्यास पाषाणापर्यंत न्यावा लागतो. इमारत कुठे टेकेल हे इथेच ठरतं. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून दालनं बसवावीत, सगळी वरच्या रेघेच्या वर. खाली उतरू द्यावा तो फक्त दगडी घाट, आणि त्याच्या पायऱ्या मायनसच्या रेघेपलीकडेही काढाव्यात.