घरातील वाय-फायचे जाळे : मेश पद्धतीची रचना, उपयोग आणि मर्यादा

मार्च २०२० मधील टाळेबंदीत अध्यापनाचा मोठा भाग घरात आला. पुढे महाविद्यालये पूर्ववत सुरू झाली, तरी घरातील इंटरनेटची गरज कमी झाली नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रम, मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठासारख्या संस्थांचे दूरशिक्षण, प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज, शिक्षकांचे उजळणी वर्ग ही सारी कामे आज घरातून केली जातात. अशा वेळी एक तक्रार वारंवार ऐकू येते : जोडणी चांगल्या वेगाची घेतली आहे, पण आतल्या खोलीत रेंज नाही.

या तक्रारीला एक सामाजिक बाजूही आहे. इंटरनेटची तार रस्त्याच्या बाजूने घरात येते आणि राउटर सहसा तिथेच, म्हणजे बैठकीत किंवा दिवाणखान्यात बसवला जातो. एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरात मुली आणि सुना यांच्या अभ्यासाची जागा मात्र माजघर, स्वयंपाकघरालगतची खोली किंवा माडी ही असते. बैठकीत पाहुणे असले की ती जागा त्यांना मिळत नाही, आणि आत रेंज मिळत नाही. म्हणून वाय-फाय कुठवर पोहोचते हा प्रश्न, घरातील कोणाचा अभ्यास अडतो या प्रश्नाशी जोडलेला आहे. मेश पद्धती म्हणजे काय, ती केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा अनावश्यक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. लहरी आणि भिंती

वाय-फाय ही रेडिओलहरींवर चालणारी व्यवस्था आहे. तिचे पहिले तांत्रिक मानक, ८०२.११, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. आजचे घरगुती राउटर सामान्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर काम करतात. पहिल्या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील सुमारे सहा सेंटिमीटर असते. २.४ चा पल्ला अधिक आणि तो भिंती तुलनेने बऱ्या पार करतो, परंतु शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची तिथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण जाड भिंतीपुढे त्याची शक्ती लवकर ओसरते.

त्यामुळे घर कशाचे बांधले आहे याला महत्त्व येते. गोव्यातील चिऱ्याच्या जाड भिंती, बेळगाव परिसरातील दगडी वाडे, ग्वाल्हेरमधील वालुकाश्माची बांधकामे ही उन्हापासून संरक्षण देतात, तशीच लहरींनाही अडवतात. नव्या घरांत भिंती पातळ असतात, पण स्लॅबमधील लोखंडी गज वरच्या मजल्याची वाट अडवतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हेही अडथळेच. उलट, उघडा दरवाजा, लाकडी तक्तपोशी किंवा घरामधला चौक यांतून लहरी सहज जातात.

२. रिपीटर आणि मेश यांतील फरक

रेंज वाढवण्याचा स्वस्त आणि परिचित उपाय म्हणजे रिपीटर. तो राउटरचा संदेश ऐकतो आणि पुढे पाठवतो. साध्या रिपीटरमध्ये ऐकणे आणि पाठवणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर, आळीपाळीने होतात. त्यामुळे उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो. शिवाय अनेकदा रिपीटरचे नेटवर्क वेगळ्या नावाने दिसते, आणि खोली बदलली की फोन हाताने नव्या नेटवर्कला जोडावा लागतो.

मेश म्हणजे जाळी. या पद्धतीत एक मुख्य केंद्र आणि एक किंवा अधिक उपकेंद्रे असतात. सर्वांचे नाव व पासवर्ड एकच असतो. ती एकमेकांशी सतत संपर्क ठेवून संदेश कोणत्या मार्गाने न्यायचा हे ठरवतात. तीन किंवा अधिक केंद्रे असतील आणि एखादा मार्ग बंद पडला, तर शक्य असेल तिथे दुसरा मार्ग घेतला जातो. केंद्रांमधील या आपसांतील दुव्याला ‘बॅकहॉल’ म्हणतात, आणि मेशचा खरा वेग त्यावरच अवलंबून असतो. दोन पट्ट्यांच्या संचात फोन, संगणक आणि बॅकहॉल यांना तोच पट्टा वाटून घ्यावा लागतो. तीन पट्ट्यांच्या संचात एक पट्टा बॅकहॉलसाठी राखून ठेवता येतो. म्हणून हा दुसरा संच महाग असतो.

ही कल्पना घरासाठी नव्याने जन्मलेली नाही. २००५ मध्ये धरमशाला येथे डोंगराळ भागातील संस्था जोडण्यासाठी सामुदायिक वायरलेस मेश उभारण्यात आली होती. मेशसाठीचे ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये आले. घरगुती मेश संच २०१६ च्या सुमारास बाजारात रुळू लागले. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालावीत म्हणून ‘इझीमेश’ ही प्रमाणन योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तरीही व्यवहारात एकाच कंपनीची उपकरणे घेणे सोयीचे ठरते.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खोली बदलताना कोणत्या केंद्राला जोडून घ्यायचे, याचा अंतिम निर्णय बहुधा फोन किंवा संगणकच घेतो. ८०२.११के, व्ही आणि आर या पूरक मानकांमुळे मेश त्याला मार्गदर्शन करते. परंतु जुना फोन ते न मानता दूरच्या केंद्राला चिकटून राहू शकतो.

३. खरेदीपूर्वीची तपासणी

मेश घेण्याआधी तीन गोष्टी पडताळाव्यात.

पहिली, दोष घरातील आहे की बाहेरच्या लाइनमधील. राउटरजवळ उभे राहून, शक्य असल्यास संगणक तारेने जोडून, वेग मोजावा. तिथेच वेग कमी असेल तर मेशने काहीही साधणार नाही.

दुसरी, राउटरची जागा. तो कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीलगत असेल तर बाहेर काढून उंचावर, घराच्या शक्य तितक्या मध्यभागी ठेवावा. त्यासाठी आणलेली काही मीटर तार पुष्कळदा पुरेशी ठरते. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर येत नाहीत. त्यांतील कमी गर्दीचे निवडावे.

तिसरी, घराचा नकाशा. फोनमधील एखाद्या मोफत अ‍ॅपवर प्रत्येक खोलीतील संदेशाची तीव्रता उणे आकड्यात दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ वर्गासाठी ठीक, उणे ८० जवळ जोडणी अविश्वसनीय, असा ढोबळ ठोकताळा आहे. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते, म्हणून आकड्यांतील लहान फरकही मोठा असतो. हे मोजमाप जिथे अभ्यास होतो तिथे, आणि दार लावून करावे.

४. उपकेंद्र कुठे ठेवावे?

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे ज्या खोलीत रेंज नाही, त्याच खोलीत उपकेंद्र ठेवणे. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? उपकेंद्र राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध, जिथे तीव्रता अजून उणे ६५ च्या आत आहे अशा जागी ठेवावे. चौकाच्या घरात दोन्ही केंद्रे चौकाकडे उघडणाऱ्या दारा-खिडक्यांजवळ ठेवली, तर लहरी दगडातून न जाता मोकळ्या हवेतून जातात. दुमजली घरात उपकेंद्राची जागा जिन्याजवळ पाहावी.

भिंत फारच जाड असेल तर केंद्रे लॅन केबलने जोडणे हा सर्वोत्तम मार्ग होय. कॅट-६ प्रकारची तार १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग टिकवते, आणि मग बॅकहॉलसाठी हवेतील पट्टा खर्ची पडत नाही. तार विजेच्या तारांपासून वेगळी न्यावी; बाहेरून न्यायची असल्यास ऊन-पाऊस सोसणारी घ्यावी.

संख्येचा मोह टाळावा. मध्यम घराला बहुधा दोन केंद्रे पुरतात. तारेविना एकामागून एक जोडलेल्या प्रत्येक टप्प्यावर वेग घटतो आणि विलंब वाढतो.

५. जोडणी आणि सुरक्षितता

मुख्य केंद्र कंपनीने बसवलेल्या उपकरणाला तारेने जोडावे आणि निर्मात्याच्या अ‍ॅपमधून नाव व पासवर्ड ठरवावा. त्यानंतर उपकेंद्र मुख्य केंद्राजवळच सुरू करून जोडून घ्यावे आणि मगच नियोजित जागी न्यावे. कंपनीचे उपकरण आणि मेश ही दोन्ही राउटरचे काम करू लागली तर काही सेवा अडखळतात. अशा वेळी मेश ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ पद्धतीवर ठेवावी किंवा कंपनीचे उपकरण ‘ब्रिज’ पद्धतीवर करून घ्यावे. जुन्या उपकरणाचे वाय-फाय बंद करावे, अन्यथा फोन त्यालाच जोडलेले राहतात.

सुरक्षिततेसाठी डब्ल्यूपीए-३, आणि जुनी उपकरणे असल्यास डब्ल्यूपीए-२, निवडावे. घरी शिकवणीला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पाहुण्यांचे स्वतंत्र नेटवर्क उघडता येते. त्यामुळे घरातील संगणक, उत्तरपत्रिका व खासगी कागदपत्रे बाजूला राहतात.

वीज गेली की प्रत्येक केंद्राला स्वतंत्र आधार लागतो, हे लक्षात ठेवावे. केवळ बैठकीतील राउटर इन्व्हर्टरवर असेल तर आतील खोली पुन्हा जाळ्याबाहेर जाते.

समारोप

मेश इंटरनेटचा वेग वाढवत नाही. आलेला वेग घरात अधिक दूरवर पोहोचवते. ज्या घरात राउटरची जागा बदलून किंवा एक तार ओढून काम भागते, तिथे हा खर्च करण्याचे कारण नाही. जिथे भागत नाही, तिथे दोन केंद्रांचा साधा संच पुरेसा ठरतो. विद्यार्थी ऑनलाइन वर्गाला का गैरहजर राहतात याची चौकशी करताना शिक्षकांनी ‘घरी इंटरनेट आहे का?’ एवढेच न विचारता, ‘तुम्ही अभ्यासाला बसता त्या जागेपर्यंत ते येते का?’ हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या पुष्कळ विद्यार्थिनी दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतील, आणि त्यांची अडचण काही मीटर तारेनेही सुटण्यासारखी असेल.