दवाखान्याचं बिल भरण्याआधी एवढं विचारा

मैत्रिणींनो, घरात कुणी आजारी पडलं की पहिली धाव दवाखान्याकडे आणि दुसरी गटाच्या कर्जाकडे. कोरोनात पेण-रोह्यातल्या कितीतरी घरांनी दागिने गहाण ठेवून बिलं भरली. बिल किती असावं याचाही नियम होता, हे अनेकींना माहीतच नव्हतं.

२१ मे २०२० ला राज्य सरकारने खासगी रुग्णालयातल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. दिवसाला साधा वॉर्ड ४,००० रुपये, आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. म्हणजे साध्या वॉर्डात दहा दिवस राहिलं तर ४०,००० च्या वर घेता येत नव्हते. डॉक्टरची फी, नर्सिंग, जेवण त्यातच धरलेलं. पीपीई किट आणि महागडी औषधं मात्र वेगळी. जून २०२१ मध्ये लहान शहरं आणि ग्रामीण भागासाठी हेच दर २,४००, ४,५०० आणि ५,४०० केले.

ते दर साथीपुरते होते. पण जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियम सुधारले, ते साथीपुरते नव्हते. त्यातलं आणि रुग्ण हक्कांच्या सनदेतलं हे लक्षात ठेवा:

- दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद सर्वांना दिसेल अशी लावलेली हवी.
- जीव धोक्यात असेल तर ॲडव्हान्स भरला नाही म्हणून तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे.
- प्रत्येक खर्चाचं वेगवेगळं, तपशीलवार बिल मागा.
- केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती लेखी मागितल्या की ७२ तासांत द्यायला हव्यात.
- बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

भरती करतानाच विचारा, "इथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का?" असेल तर आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८.

बिल जास्त वाटलं तर भांडू नका, लेखी अर्ज द्या. आधी रुग्णालयात द्या. तिथे दाद लागली नाही तर अलिबागला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका, बिलाची आणि पावत्यांची झेरॉक्स जोडा. एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. आणि ताई, दवाखान्यासाठी कुणी कर्ज मागितलं तर ते नक्की द्या, पण आधी विचारा, "बिल तपशीलवार घेतलंस का?"